तानाहाशीसान, एकदा ज्युनियरांची लढत शेवटी ठेवा

मा. हिरोशी तानाहाशी,
अध्यक्ष, न्यू जपान प्रो-रेसलिंग, टोकियो

तानाहाशीसान, सप्रेम नमस्कार.

मी मूळची सांगली जिल्ह्यातली, आणि गेली काही वर्षं टोकियोत निशी-कासाईला राहते. ऑफिसात दिवसभर जपानीतून मेल लिहिते, पण हे पत्र मराठीत लिहिते आहे. मनातलं नीट बोलायचं तर मला हीच भाषा लागते, हे एक कारण. दुसरं असं की तुमचे सामने बघणारी मराठी माणसं आता पुष्कळ झाली आहेत. कोराकुएन हॉलमध्ये साडेसहाला पहिली घंटा वाजते तेव्हा सांगलीत दुपारचे तीन झालेले असतात. माझा भाऊ त्या वेळी दुकानात गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर सामना लावून बसतो. त्यांनीही हे वाचावं आणि पटलं तर आपापल्या परीनं तुमच्यापर्यंत पोचवावं.

विषय ज्युनियर हेवीवेट गटाचा आहे.

मे महिन्यातली गोष्ट सांगते. बेस्ट ऑफ द सुपर ज्युनियर्स ही ज्युनियरांची वार्षिक स्पर्धा चालू होती आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला मी पहिल्यांदाच कोराकुएनला नेलं होतं. सुइदोबाशी स्टेशनवरून चालत गेलो. लिफ्टला रांग होती म्हणून जिन्यानं पाच मजले चढलो. त्या जिन्याच्या भिंती तुम्हाला ठाऊकच आहेत. प्रेक्षकांनी पेननं, मार्करनं लिहिलेली नावं, राग, प्रेम, कुणाच्या निवृत्तीचं दुःख, सगळं एकमेकांवर चढलेलं. मुलगा दर वळणावर थांबून वाचत होता. आत बसलो, दोन-तीन लढती झाल्या, एकानं वरच्या दोरीवरून बाहेर उडी घेतली आणि आमच्या पुढच्या रांगेतल्या खुर्च्या सरकल्या. मुलगा खूश. तेवढ्यात त्यानं विचारलं, "आई, हे ज्युनियर आहेत म्हणजे मोठे झाले की हेवीवेट होणार का?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. त्याचा प्रश्न लहान पोराचा होता, पण तुमच्या कंपनीनं गेली दहा-पंधरा वर्षं आम्हाला हेच तर दाखवलं आहे.

मराठीत ज्युनियर हा शब्द आला की मनात येतं ज्युनियर कॉलेज, ज्युनियर क्लार्क, वकिलाच्या मागे फायली घेऊन चालणारा ज्युनियर. म्हणजे अजून शिकणारा, अजून पुरता न झालेला. तुमच्याकडे या शब्दाचा मूळ अर्थ तसा नाही. १०० किलोंच्या आतला माणूस, एवढाच तो अर्थ. जानेवारी १९७८ मध्ये तात्सुमी फुजिनामी यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ज्युनियर हेवीवेटचा बेल्ट, म्हणजे अजिंक्यपदाचा पट्टा, जिंकला आणि तो जपानला आणला, तेव्हा तो काही शिकाऊ माणसाचा बेल्ट नव्हता. चपळ, देखणा, पिळदार शरीराचा एक तरुण एक नवीन तऱ्हेची कुस्ती घेऊन आला होता. शाळकरी मुलं, मुली, ज्यांनी कधी कुस्ती पाहिली नव्हती ते लोक टीव्हीसमोर बसायला लागले.

मग २३ एप्रिल १९८१. कुरामाएच्या जुन्या कोकुगिकानमध्ये वाघाचा मुखवटा घातलेला एक मुलगा रिंगणात आला. मुखवटा घाईत शिवलेला, खांद्यावरचं वस्त्र साधंच. लोक आधी हसले. कार्टूनमधला टायगर मास्क खरा होऊन आला म्हणजे पोरखेळच, असं त्यांना वाटलं. समोर इंग्लंडचा डायनामाइट किड. दहा मिनिटंही लागली नाहीत. सातोरू सायामा हे त्या मुखवट्यामागचं नाव नंतर जगाला कळलं, पण त्या रात्री हसणारे लोक उभे राहून ओरडत घरी गेले. ती लढत मी शंभरदा तरी पाहिली असेल. अजूनही त्याचे पाय जमिनीला टेकल्यासारखे वाटत नाहीत.

माझे आजोबा मला लहानपणी गावोगावच्या जत्रेतल्या कुस्त्यांच्या मैदानाला न्यायचे. एक नंबरची कुस्ती संध्याकाळी, अंधार पडायच्या बेतात लागायची. फेटे, हलगी, इनामाची रक्कम, गावातले पुढारी, सगळं तेव्हा. पण आजोबा दुपारी दोनलाच मला घेऊन जायचे. उन्हात, मैदान अर्धं रिकामं असताना. ते म्हणायचे, डाव बघायचे असतील तर आत्ता बघ, संध्याकाळी नुसती ताकद दिसेल. साठ-पासष्ट किलोचे गडी एकमेकांना ढाक मारायचे, निसटायचे, पुन्हा धरायचे, आणि बघायला शंभर माणसं. ज्या देशाला स्वातंत्र्यानंतरचं ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक १९५२ साली कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी मिळवून दिलं, आणि तेही बँटमवेटमध्ये, त्या देशातही हलक्या वजनाच्या पैलवानाला दुपारचं ऊनच मिळतं. म्हणून कोराकुएनमध्ये ज्युनियरांच्या लढती पहिल्या तासात उरकलेल्या बघितल्या की मला ते मैदान आठवतं.

आणि तरी दोन्हींत एक मोठा फरक आहे. तो मला या पत्रात तुमच्यापुढे ठेवायचाच आहे.

आमच्याकडे नुरा कुस्ती ही शिवी आहे. आधी ठरवून खेळलेली कुस्ती. पैलवानानं नुरा केली असं नुसतं कुजबुजलं गेलं तरी त्याचं नाव जातं. तुमच्या खेळात मात्र निकाल ठरवलेला असतो हे सगळ्यांना माहीत आहे. त्यात फसवणूक नाही. प्रेक्षक, पैलवान आणि कंपनी यांच्यातला तो उघड करार आहे, आणि त्या कराराच्या आत पडणारं शरीर, मोडणारं हाड, येणारा घाम हे सगळं खरं आहे. मी भावाला आणि त्याच्या मित्रांना हे समजावून थकले नाही. पण याच करारामुळे एक जबाबदारी तुमच्यावर येते. गावच्या मैदानात दोन नंबरचा गडी दोन नंबरला का, तर तो एक नंबरच्या गड्याकडून चितपट झाला म्हणून. तुमच्याकडे ज्युनियरांची लढत तिसऱ्या नंबरला का, तर कुणीतरी टेबलाशी बसून ती तिसऱ्या नंबरला लिहिली म्हणून. इथे कमी किंमत हरल्यामुळे मिळत नाही, ती लिहून दिली जाते. म्हणून ती पुसताही येते, आणि पुसणारे तुम्हीच आहात.

४ जानेवारीला टोकियो डोममध्ये होणारा सामना हा तुमच्या वर्षाचा कळस. १९९२ पासूनची ती परंपरा. इतक्या वर्षांत त्या रात्रीचा शेवट ज्युनियर हेवीवेटच्या बेल्टच्या लढतीनं एकदाही झालेला नाही. शिरो कोशिनाका १९८६ मध्ये तुमच्या कंपनीच्या ज्युनियर बेल्टचा, आयडब्ल्यूजीपी ज्युनियरचा, पहिला विजेता झाला, तेव्हापासून तो बेल्ट आहे. जुशिन थंडर लायगरनं तो ११ वेळा जिंकला. लायगरसारखा माणूस, ज्याला मेक्सिकोपासून इंग्लंडपर्यंतची पोरं देव मानत होती, त्यालाही जानेवारीच्या त्या रात्री बेल्टसाठी शेवटचं स्थान मिळालं नाही. माझी मुख्य मागणी एवढीच आहे, आणि ती पत्राच्या मथळ्यातच लिहिली आहे. बाकीचं सगळं तिच्या अवतीभवती आहे.

तुम्ही म्हणाल, लोक येणार नाहीत. हलक्या गटावर डोम भरत नाही.

मग नोआह या दुसऱ्या कुस्ती कंपनीकडे बघा. २९ ऑक्टोबर २००६, निप्पॉन बुडोकान. नाओमिची मारुफुजीनं त्याच सप्टेंबरात जुन आकियामाला हरवून नोआहचा सर्वांत मोठा जीएचसी हेवीवेट बेल्ट जिंकला होता, आणि आव्हान द्यायला समोर आला केंटा. दोघंही ज्युनियर गटात वाढलेले, एकमेकांचे जोडीदार. हेवीवेटचा बेल्ट, बुडोकानसारखी जागा, रात्रीची शेवटची लढत, आणि रिंगणात दोन हलके गडी. ती लढत बघून कुणालाही वजनकाट्याची आठवण होत नाही. पुढे नोआहवर वाईट दिवस आले, त्याची कारणं वेगळी आहेत, पण त्या एका रात्री मित्सुहारू मिसावांच्या कंपनीनं जे दाखवलं ते कुणाला खोडता येणार नाही.

आणि लांब कशाला जायचं? तुमचाच आयडब्ल्यूजीपी वर्ल्ड हेवीवेट बेल्ट २०२१ मध्ये सुरू झाला. पहिला विजेता कोता इबुशी, २०११ च्या सुपर ज्युनियर्सचा विजेता. दुसरा विल ऑस्प्रे, २०१६ आणि २०१९ च्या सुपर ज्युनियर्सचा विजेता. तिसरा शिंगो ताकागी, २०१९ ला ऑस्प्रेसमोर अंतिम फेरीत उभा राहिलेला. तुमच्या सर्वांत मोठ्या बेल्टचे पहिले तिन्ही मानकरी ज्युनियरांच्या स्पर्धेतून आलेले. केनी ओमेगाही तसाच. २०१५ मध्ये ज्युनियर बेल्ट त्याच्याकडे होता, २०१६ ला गट बदलला आणि त्याच वर्षी जी-वन क्लायमॅक्स ही हेवीवेटांची स्पर्धा जिंकणारा तो पहिला परदेशी ठरला.

यावर तुमच्या बाजूचे लोक म्हणतील, बघा, आम्ही त्यांना वर आणलं. हा 'वर' शब्दच मला खुपतो. ज्युनियरमध्ये कुणी फार चांगला निघाला की त्याला तिथून उचलायचं आणि हेवीवेटमध्ये न्यायचं. मागे उरलेल्या गटाला मग काय सांगितलं जातं? तुमच्यातला जो खरंच मोठा होता तो गेला. उरले ते उरलेले. ५ जून २०१९ ला टोकियोतल्या सुमोच्या हॉलात, र्‍योगोकूमध्ये ऑस्प्रे आणि शिंगोनं जी अंतिम लढत दिली तिची आठवण काढली तरी अंगावर काटा येतो. आणि त्याच उन्हाळ्यात शिंगो गेला, पुढच्या जानेवारीनंतर ऑस्प्रे गेला. शेत पिकलं की मळणी दुसऱ्याच्या खळ्यावर, असं दरवेळी होतं.

शिंगोचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. कोबेच्या ड्रॅगन गेटमध्ये तो धिप्पाड गडी समजला जायचा, ताकदीच्या कुस्तीचा. तिथे सर्वांत वरचा बेल्ट मिळवायला कुणाचं वजन आड येत नाही. २०१८ मध्ये तोच माणूस तुमच्याकडे आला आणि ज्युनियर झाला. शरीर तेच, छाती तीच, फक्त इमारत बदलली. तानाहाशीसान, तुम्ही स्वतःही कधी फार अवजड नव्हता. १०० किलोंच्या त्या रेषेच्या आसपासच तुमचं वजन होतं, आणि २००० नंतरच्या पडत्या काळात त्याच शरीरानं तुम्ही अख्खी कंपनी खांद्यावर घेतलीत. लोक चिडवत होते, अंगावर ओरडत होते, तरी तुम्ही गावोगाव जाऊन जाहिरात करत होता, आणि हॉल पुन्हा भरले. किलोंनी माणूस मोठा होत नाही हे तुम्हाला मी काय सांगणार.

वर्धापनदिनाच्या सामन्याबद्दल थोडं बोलते. मार्चमध्ये हेवीवेटचा विजेता आणि ज्युनियरचा विजेता समोरासमोर आणायची तुमच्याकडे रीत आहे. फार सुंदर कल्पना. मार्च २०१३ मध्ये तुम्ही हेवीवेट चॅम्पियन होता आणि समोर ज्युनियर चॅम्पियन प्रिन्स डेव्हिट होता. (मराठी वाचकांसाठी: हाच पुढे अमेरिकेत फिन बेलर या नावानं गाजला.) तुम्ही जिंकलात. २०१८ ला ओकाडानं ऑस्प्रेला हरवलं. २०२१ ला इबुशीनं एल देस्पेरादोला. दरवेळी ज्युनियर शर्थ करतो, बराच वेळ आपल्याला वाटायला लावतो की आज होईल, आज नक्की होईल, आणि मग पडतो. टाळ्या, मिठी, पुढच्या वर्षी या. इतक्या वेळा एकच उत्तर दिलं की प्रश्नातली जान जाते. आता ती लढत जाहीर झाली की आम्ही निकालाची वाट बघत नाही, ज्युनियर किती वेळ टिकेल तेवढं मोजतो.

ज्युनियर गटातल्या हिरोमू ताकाहाशीनं तर वर्षानुवर्षं एकच स्वप्न बोलून दाखवलं. ज्युनियर राहूनच हेवीवेटचा बेल्ट जिंकायचा, आणि ज्युनियरांची लढत डोममध्ये शेवटी न्यायची. ७ जुलै २०१८ ला सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या काऊ पॅलेसमध्ये ड्रॅगन लीशी लढताना त्याची मान मोडली. मान मोडलेली असताना त्यानं लढत पूर्ण केली. मग जवळपास दीड वर्ष नाही. ४ जानेवारी २०२० ला डोममध्ये परत येऊन ऑस्प्रेकडून बेल्ट घेतला आणि दुसऱ्या दिवशी लायगरच्या शेवटच्या लढतीत त्याच्याच विरुद्ध उभा राहिला, त्याला खाली पाडून निरोप दिला. पुढे २०२०, २०२१, २०२२ अशी सलग तीन वर्षं सुपर ज्युनियर्स जिंकली. असा माणूस मिळाल्यावरही ज्युनियरांची लढत ४ जानेवारीला शेवटी गेली नाही. मग ती कुणाच्या काळात जाणार होती?

११ डिसेंबर २०२० च्या रात्री मी बुडोकानमध्ये होते. वरच्या मजल्यावर, एक खुर्ची सोडून एक बसवलेलं, तोंडाला मास्क. ओरडायला बंदी, फक्त टाळ्या. सुपर ज्युनियर्सची अंतिम फेरी, हिरोमू आणि एल देस्पेरादो. दोघं साधारण एकाच काळात तुमच्या दोजोत, म्हणजे तालमीत, जमीन पुसत, भांडी घासत वाढलेले. एकानं मुखवटा घेतला, दुसऱ्यानं घेतला नाही. लढतीच्या ऐन भरात देस्पेरादोचा मुखवटा फाटला. मुखवट्याच्या पैलवानाचं तोंड दिसणं म्हणजे काय हे मेक्सिकोत, जपानमध्ये लहान पोरालाही समजतं. तो दोन्ही हातांनी चेहरा झाकतो, कुणीतरी टॉवेल टाकतं. देस्पेरादोनं झाकला नाही. उरलेला मुखवटा स्वतःच्या हातानं ओढून काढला, बाजूला टाकला आणि उघड्या तोंडानं समोरच्यावर चालून गेला. घामानं केस कपाळाला चिकटलेले, ओठ फुटलेला. बुडोकानमध्ये कुणी ओरडायचं नव्हतं. पण त्या क्षणी हजारो लोकांचा श्वास एकदम आत गेला, आणि तो आवाज मी ऐकला. तसा आवाज मी पुन्हा कुठेही ऐकलेला नाही. शेजारी एक आजोबा बसले होते, साठी ओलांडलेले, ते दोन्ही मुठी गुडघ्यांवर आपटत होते, कारण दुसरं काही करायची परवानगी नव्हती. अर्ध्या तासाची ती लढत देस्पेरादो हरला.

तानाहाशीसान, ज्या गटाकडे अशी लढत आहे त्याला आधी उरकायच्या कार्यक्रमात कसं काय ठेवता येतं?

आता जरा कठीण गोष्ट. ज्युनियरांच्या कुस्तीची किंमत त्यांची शरीरं चुकवतात. आम्ही प्रेक्षकही त्यात भागीदार आहोत, मी स्वतःला वेगळी काढत नाही. उंची वाढत गेली, मानेवर पडणं वाढत गेलं, आणि आम्ही टाळ्या वाढवत गेलो. डायनामाइट किडनं वयाच्या साठाव्या वाढदिवशी, ५ डिसेंबर २०१८ ला, प्राण सोडला. शेवटची कित्येक वर्षं तो चाकांच्या खुर्चीत होता. हायाबुसा हा पैलवान २००१ मध्ये कोराकुएनमध्येच दोरीवरून उलटी उडी घेताना घसरला आणि मानेखाली लुळा पडला. शिंजिरो ओतानी, नव्वदच्या दशकातल्या तुमच्या ज्युनियर गटाचा तो धगधगता पोरगा, १० एप्रिल २०२२ ला र्‍योगोकूमध्ये मानेला मार बसून आडवा झाला. तो काही तुमचा सामना नव्हता हे खरं, पण तो माणूस तुमच्या दोजोतलाच. २०२५ च्या ४ जानेवारीला डोममध्ये ज्युनियर विजेता डोकी याचा हात निखळला आणि ज्युनियर बेल्टची लढत काही मिनिटांतच थांबवावी लागली. रेफरीनं ती थांबवली हे योग्यच झालं, आणि तसं थांबवायचं धैर्य पुढेही राहू दे.

पण मला वाटतं यातही क्रमाचा हात आहे. तिसऱ्या नंबरला बारा मिनिटं मिळणारा ज्युनियर ती बारा मिनिटं लोकांच्या लक्षात राहावीत म्हणून जिवावर उदार होतो. शेवटच्या लढतीला तीस मिनिटं असतात; तिथे थांबता येतं, धरता येतं, एक गुडघा पकडून त्याच्यावरच दहा मिनिटं काम करता येतं, चेहऱ्यानं बोलता येतं. तुम्ही स्वतः तसेच लढलात. वेळ मिळाली तर हलका माणूसही जमिनीवर राहून लोकांना बांधून ठेवू शकतो. सुपर ज्युनियर्समध्ये दहा-दहा जणांचे दोन गट करून प्रत्येकाला तीन-साडेतीन आठवड्यांत नऊ लढती, वर उपांत्य आणि अंतिम. त्यात दोन दिवस विश्रांती वाढवली तर हॉलचं भाडं वाढेल हे मला समजतं. तरी वाढवा.

आणि सुपर जे-कप. १६ एप्रिल १९९४ ला लायगरनं स्वतः पुढाकार घेऊन र्‍योगोकूमध्ये एका रात्रीत अख्खी स्पर्धा उभी केली. न्यू जपान, मिचिनोकू प्रो, वॉर, एफएमडब्ल्यू, अशा सगळ्या कंपन्यांचे हलके गडी एका रिंगणात. वाइल्ड पेगासस, म्हणजे क्रिस बेन्वा, जिंकला. त्याच्या आयुष्याचं आणि त्याच्या घरच्यांचं पुढे जे झालं ते भयंकर आहे, त्यामुळे ती अंतिम फेरी मी पुन्हा लावत नाही. पण लायगर आणि ग्रेट सासुकेची उपांत्य लढत लावते. सासुके तोहोकूतल्या इवातेचा. स्वतःची छोटी कंपनी काढून गावोगाव, शाळांच्या व्यायामशाळांत सामने करणारा. लढतीच्या अखेरीस तो दोरीवर उडी मारायला गेला आणि पाय चुकला, धडपडत खाली आला. लायगर हसला, टाळ्या वाजवल्या त्यानं. आणि तेवढ्या गाफीलपणात सासुकेनं उडी घेऊन त्याच्या मानेला पाय अडकवले, उलटवलं, दाबून धरलं. एक, दोन, तीन. राजधानीतल्या सर्वांत मोठ्या घराचा सर्वांत मोठा ज्युनियर, घरच्याच अंगणात, खेड्यातल्या कंपनीच्या मालकाकडून चितपट. लायगरनं ते स्वतः घडू दिलं. आपल्या गटाला मोठं करायचं तर कधी कधी आपण पडावं लागतं, हे त्या माणसाला कळत होतं.

तुमच्याकडे वर्षानुवर्षं सामन्यांची मांडणी करणारे गेदोसान त्या रात्री उपांत्य फेरीपर्यंत गेले होते, आणि १९९५ च्या कपमध्ये अंतिम फेरीत लायगरसमोर उभे होते. त्यांना हे माझ्यापेक्षा हजारपट जास्त आठवत असेल. जे-कप शेवटी २०१९ आणि २०२० ला अमेरिकेत झाला, दोन्हीदा एल फँटॅस्मो जिंकला, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण ती स्पर्धा घरी आणा. १ मार्च २०२३ ला कोराकुएनमध्ये ऑल स्टार ज्युनियर फेस्टिव्हल झाला, हिरोमूच्या हट्टापायी, किती कंपन्यांचे ज्युनियर एकत्र आले होते त्या दिवशी! ज्यांची नावं मला माहीत नव्हती अशा तीन-चार जणांना मी दुसऱ्या दिवसापासून शोधून शोधून बघायला लागले. नोआह, ऑल जपान, ड्रॅगन गेट, मिचिनोकू, या सगळ्यांकडे हलके गडी आहेत. एकेकट्याच्या हॉलमध्ये ते सात-आठशे लोकांपुढे लढतात. एकत्र आले तर र्‍योगोकू भरेल. आणि बाहेरून आलेला एखादा गडी तुमच्या चॅम्पियनला हरवून गेला तरी चालू द्या.

१ जून २०२५ ला २२ वर्षांच्या कोसेई फुजितानं सुपर ज्युनियर्स जिंकली. तुमच्या दोजोतला पोरगा. इतक्या कमी वयात. मी घरी बघत होते, आणि आनंदाच्या पाठोपाठ माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की आता याला किती दिवसांत हेवीवेटमध्ये नेतील. अशा क्षणी असा विचार मनात यावा याचं मला फार वाईट वाटलं. त्याला तिथे राहू द्या. तो अजून दहा वर्षं १०० किलोंच्या आत राहिला आणि तरी तुमच्या कंपनीचा सर्वांत मोठा माणूस झाला, तर त्याच्याकडे बघून आत्ता कुठेतरी तोहोकूतल्या, क्यूशूतल्या शाळेत असलेला पासष्ट किलोचा मुलगा दोजोचं दार वाजवेल. उंची कमी म्हणून तो परत जाणार नाही.

४ जानेवारी २०२६ ला तुम्ही डोममध्ये शेवटचे लढलात. आम्ही सगळे रडलो. आता तुम्ही रिंगणात नाही, अध्यक्षाच्या खुर्चीत आहात. आजवर तुमच्या नावावर जे काही होतं ते तुम्ही स्वतःच्या गुडघ्यांवर मिळवलंत. इथून पुढे तुम्ही जे द्याल ते दुसऱ्यांना द्याल.

पुढच्या ४ जानेवारीची तिकिटं निघाली की आम्ही तीन काढणार आहोत. भाऊ पहिल्यांदाच सांगलीहून येतोय, दुकान आठवडाभर बंद ठेवून. मुलानं त्याच्यासाठी लायगरचा कागदी मुखवटा करून ठेवला आहे, एक शिंग जरा वाकडं झालंय. सामन्यांचा क्रम तुम्ही जाहीर कराल त्या दिवशी मी यादी वरून वाचणार नाही, शेवटच्या ओळीपासून वाचायला घेईन.

आपली,
कोराकुएनच्या दक्षिण बाजूला बसणारी एक मराठी प्रेक्षक
निशी-कासाई, टोकियो